गौरीला गावी ठेवून

अक्का, आम्ही निघालो त्या सकाळी तुम्ही गौरीचा हात धरून फाट्यावर उभ्या होतात. माझी आई औशाहून मुद्दाम आली होती. ती म्हणाली, "मागं वळून बघू नको, पोरगी रडंल." मी बघितलं नाही. गौरी रडली का, हे मी तुम्हाला अजून विचारलेलं नाही.

तेव्हा ती सात वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन लातूरला झालं होतं. गौरीच्या बाबांची नोकरी चाकणच्या कंपनीत, म्हणून पुढचे उपचार पिंपरीला घ्यायचे आणि ते संपले की तिला घेऊन यायचं, एवढंच आपलं जावाजावांचं ठरलं होतं.

पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की काही देशांतले डॉक्टर मिळून एक अभ्यास करतायत. एक औषध थोडे महिने कमी दिलं तरी तेवढाच गुण येतो का, ते बघायचं आहे. गौरीचे बाबा तडक म्हणाले, "म्हणजे आमच्यावर प्रयोग?"

बाई रागावल्या नाहीत. "औषध जुनंच आहे, दादा. कुणाला कमी महिने, कुणाला पूर्ण, ते संगणक ठरवणार, मी नाही. नको वाटलं तर कधीही बाहेर पडा, उपचार थांबणार नाहीत."

मी सही केली. कमी महिन्यांत नंबर लागला तर गौरीकडं लवकर जाता येईल, हेच डोक्यात होतं. नंबर पूर्ण महिन्यांत लागला.

पिंपरीजवळ पुनावळ्यात आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. हे शिफ्टला गेले की दिवसभर घरात मी एकटी. गावात आजारी माणसाला बघायला सगळी गल्ली येते, तेव्हा मला त्याचा जाच वाटायचा. इथं समोरच्या दारावरचं नाव पाठ झालं, माणूस काही दिसला नाही. फोन यायचा तो अभ्यासाचं काम बघणाऱ्या स्नेहलताईचा. बोटांना मुंग्या येतात का? झोप लागते का? एकटं वाटतं का? उत्तरं ठरलेली: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. मी दर वेळी 'थोडं' म्हणायची. एकदा तोंडातून 'खूप' गेलं. ती म्हणाली, "ताई, प्रश्न राहू द्या. आज जेवलात काय?"

उपचार संपल्यावर निरनिराळ्या देशांतल्या आम्हा बायकांची व्हिडिओवर बैठक झाली. पुढच्या अभ्यासात काय बदलावं, हे डॉक्टरांना आमच्याकडून ऐकायचं होतं. मध्ये दुभाषी होती. पोलंडच्या एका बाईंनीही आपला मुलगा आजीकडं ठेवला होता. त्यांनी मला विचारलं, "मुलगी परत आली का?" तिचं शाळेचं वर्ष संपायचं होतं; मी 'नाही' म्हटलं. त्या नुसती मान हलवत राहिल्या. इतक्या काळात माझं कुणाला खरोखर कळलं असेल, तर त्यांना. बैठक संपली, स्क्रीन काळा झाला. त्यांचं आडनावही मला माहीत नाही.

या उन्हाळ्यात गौरी सुट्टीला आली होती. मी म्हटलं, "जूनपासून इथल्या शाळेत येतेस?"

तिनं जरा विचार केला. "मोठी आई एकटी पडंल."

अक्का, तुमचा राग आला नाही असं म्हणणार नाही. पण दुसऱ्याचं एकटेपण ओळखायला ती तुमच्याजवळच शिकली.

माझ्या तपासण्या अजून काही वर्षं इथंच आहेत. घर कुठलं विचारलं, तर मी गावाचंच नाव सांगते. पण भाऊजी तिला न्यायला आले, लातूरची गाडी लागली, तेव्हा खिडकीशी उभी राहून मी तिला म्हणाले, "घरी पोचलीस की फोन कर." गाडी निघून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, तिचं घर आता तुमच्याकडं, हे मीच बोलून गेले.