झाकणावरची शितं

नीलकंठ सर रोज धारहून बसनं बदनावर गावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला येत. मोकळ्या तासाला डबा उघडला, की आधी झाकणावर भाताची पाच शितं मांडत. घरची जुनी चित्राहुती ती. आपल्याआधी इतर जिवांचा वाटा. आजही शितं मांडली, घास उचलला, तोच शिपाई आला, "सर, सातवीचा वर्ग रिकामा आहे, तेवढा सांभाळा."

नाही म्हणायचं त्राण नोकरीच्या बावीस वर्षांत कधीच संपलं होतं. मरो तो भात, म्हणत ते उठले.

फळ्यावर त्यांनी 'क्रीचर' लिहिलं. पोरांनी गाय, साप, मुंगी सांगितली.

"आणि माणूस? तोही क्रीचरच. कुणाची कीव आली, तर 'पुअर क्रीचर' म्हणतात. बिचारा जीव."

"ऐसा किसको बोलते हैं, सर?" एका मुलीनं विचारलं.

सरांना उदाहरण सुचेना. "उद्या सांगतो," म्हणाले.

तास संपता संपता परतले तर झाकण स्वच्छ. मुंग्यांचं जेवण उरकलं होतं. सरांनी घास उचलला, आणि पुढच्या तासाची घंटा झाली. डबा तसाच बंद करताना त्यांना उदाहरण सापडलं; पण आता तास नववीचा होता.