डबीला नकार मिळाला, तरी घंटी वाजली

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते ओला हरभरा सोलायचं. सिंधूची, म्हणजे माझ्या बायकोची, उजवी बाजू लकव्याने गेलेली, वाचाही गेलेली. डाव्या हाताने ती एक घाटा सोलायची तोवर माझे दहा व्हायचे. पण माझे दहाच्या दहा माझ्याच तोंडात. तिने एक टरफल माझ्या मिशीवर फेकून मारलं. मी म्हणालो, "नेम शाबूत हाय तुझा अजून." अर्ध्या तोंडाने हसली. मी वाटी तिच्या उशाशी ठेवली, बटणाची डबी डाव्या हाताखाली सरकवली आणि कांद्याला पाणी द्यायला गेलो. बास, एवढंच.

आधीच सांगतो, मी सातवी नापास माणूस. पण भूतबाधा, अंगात येणं असल्या गोष्टींना मी कधी किंमत दिली नाही. वस्तीवर कुणाच्या अंगात आलं की तोंडावर म्हणायचो, हिला आधी जेवायला घाला. आता असल्याच अनुभवांच्या तुमच्या या पानावर मलाच लिहायची वेळ आली... लिहितो. हसायचं तर हसा.

आमची वस्ती श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून दोन किलोमीटर आत. घरापासून कांद्याचं रान बांधाच्या वाटेने दहा मिनिटांवर. तिथं घरची हाक पोचत नाही, आणि सिंधूला हाक मारता येतच नव्हती. म्हणून आमच्या वैशालीने ती डबी बनवली होती. वैशाली आमची एकुलती एक, पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. सिंधूने बटण दाबलं की डबी घरच्या वायफायवरून पुण्यात वैशालीच्या घरातल्या मशीनला कळवायची, आणि ते मशीन माझ्या मोबाईलवर घंटी वाजवायचं. बैलाच्या घुंगरमाळेचा आवाज लावून दिला होता तिने. मोबाईलमध्ये दुसऱ्या कशालाच तो आवाज नव्हता.

त्या आठवड्यात विहिरीच्या मोटरीला दिवसाची लाईट होती. मी दारं धरत होतो, म्हणजे फावड्याने एकेका वाफ्यात पाणी वळवत होतो. शेजारचा रशीद बांधावर बसून माझी चेष्टा करत होता – त्याचा रोजा होता, आणि मी त्याच्यासमोर तंबाखू मळत होतो.

"अण्णा, जरा लाज बाळगा. उपाशी मानसासमोर..."

"मग तिकडं तोंड कर की."

एवढ्यात खिशात घुंगरमाळ वाजली. एकदा. दोनदा. तीनदा.

"वहिनीची घंटी," रशीदच म्हणाला. माझ्या आधी तोच उठला.

मी फावडं टाकलं आणि पळालो; मोटर मागे रशीदने बंद केली. घरात शिरलो तर सिंधू घोरल्यासारखा श्वास घेत होती, पण डोळे उघडे. मला बघितलं. डोकं मांडीवर घेतलं, चमच्याने पाणी पाजलं, थोडं गिळलं तिने. माझ्या मनगटावर डावा हात ठेवला. पंधरा-वीस मिनिटं असेल... मग सगळं थांबलं. डॉक्टर नंतर म्हणाले, दुसरा झटका होता, कुणीही काही करू शकलं नसतं.

हे झालं आमचं. आता पुढचं ऐका.

तेराव्याची माणसं पांगली. दुपारी वैशाली ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बघतो तर तिचा चेहरा पांढराफटक.

"अण्णा, त्या दिवशी घंटी वाजली न्हाई ना? खरं सांगा."

"वाजली म्हणून तर पळालो."

"वाजूच शकत न्हाई."

मग तिने मला समजावलं. मला कळलं तसं लिहितो. दोन मशीन भेटली की आधी हात मिळवतात. त्यांचं बोलणं मधल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून कुलपात बोलायचं असतं, त्याची ती तयारी. त्या हात मिळवण्यातच डबी सांगते, मला या या बोल्या येतात. पुण्याचं मशीन आपली यादी बघतं आणि दोघांना येणारी एक निवडतं. एकही जुळली नाही तर तिथंच हात सोडून देतं. पुढं काही बोलणंच होत नाही.

निवड करणारा तो प्रोग्रॅम तिनेच सी भाषेत लिहिलेला. त्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी तिने तो सुधारून चढवला, आणि यादीतून जुनी बोली काढून टाकली. नवी तेवढीच ठेवली. डबीला मात्र फक्त जुनी यायची. रविवारी येऊन डबी पण बदलीन, असं तिच्या डोक्यात होतं. तोवर जुनी राहू द्यायची ते ती विसरली.

"हे बघा," तिने बोट ठेवलं, "मशीनने लिहून ठेवलंय. दहा वाजून बेचाळीस. डबी आली, जुनी बोली सांगितली, मशीनने न्हाई म्हटलं. परत आली. परत न्हाई. तीनदा. आईने तीनदा दाबलं, अण्णा, आन् तीनदा मी तिला दारातनं परत पाठवलं."

"तीनदाच वाजली की माझी घंटी!"

"आत्ता मीच वाचून दाखवलं म्हणून म्हणताय तुमी."

माझा मोबाईल घेऊन तिने उलटापालटा केला. त्यात त्या दिवशीच्या घंटीची नोंदच नाही. आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या आहेत. मी म्हणालो, डबीनेच मला परस्पर फोन केला असेल. तर म्हणे, डबीला माझा नंबरच माहीत नाही. जुना प्रोग्रॅम चालू राहिला असेल, म्हणालो. तेही तिने आधीच तपासलं होतं. मग डबी लावून माझ्यासमोर बटण दाबलं. मोबाईल गप्प. परत दाबलं. गप्प. लॅपटॉपवर नकाराची ओळ मात्र येत होती, दर वेळी.

मी रशीदला बोलावून आणलं.

"पोरी, मी या कानांनी ऐकली. रोजा धरून खोटं बोलीन व्हय?"

"काका, तुमी अण्णांना धरून बोलताय. मला बरं वाटावं म्हणून." आणि रडायला लागली. "आई एकटी गेली. अण्णा पाण्याचं काम उरकून आले असतील, तवर ती गेली असंल."

माझं डोकं सटकलं. "तुझ्या लग्नात भर मांडवात तुझ्या सासऱ्याला म्हणालो हुतो, भाजी खारट झाली. मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलनारा मानूस हाय का?"

हसली नाही. आत गेली आणि आईच्या खाटेकडे तोंड करून बसली.

माझी बायको गेली ती गेली. पण पोरगी जन्मभर हे उरावर घेऊन बसणार, आणि माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसेना. घंटी कशी वाजली याचं उत्तर तिच्याकडे नाही. तिने तिच्यापेक्षा जाणत्या दोघांना फोनवर विचारलं, त्यांच्याकडेही नाही. माझ्याकडे कुठून असणार? आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हणालो, चल रानात. तेरा दिवस ती घराबाहेर पडली नव्हती. बांधावर नेऊन उभी केली आणि नुसतं बोट दाखवलं.

लहानपणी वाफ्यात पाय पडला म्हणून तिने माझा मार खाल्ला आहे. आमच्या रानात कुणी वाफ्यातून चालत नाही, मी तर नाहीच. आणि समोर उभ्या कांद्यातून आडवी, सरळ घराच्या दिशेने, तुडवलेली ओळ होती. वरंबे फुटलेले, पात मोडलेली. ओल्या चिखलात रुतलेली माझी पावलं तशीच वाळलेली.

"अण्णा... वाफ्यातनं?"

"व्हय."

ती खाली उतरली. एका पावलावर हात ठेवला, मग पुढच्यापर्यंत वितीने मोजत गेली. चार विती, पाच विती. चालणाऱ्या म्हाताऱ्याचं पाऊल एवढं लांब पडत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. तिथंच वाफ्यात बसली आणि रडली, पण आदल्या दिवसासारखी नाही. लहानपणी रडायची तशी, मोठ्याने.

त्या दिवसापासून मी त्या कांद्याला पाणी दिलं नव्हतं. शेंडे पिवळे पडले होते, रशीद रोज ओरडत होता. मी कुणाला कारण सांगितलं नव्हतं.

विहिरीवर जाऊन मोटर चालू केली. फावड्याने वाफ्याच्या तोंडाची माती ओढून बारं फोडलं. पाणी वाफ्यात शिरलं, पहिलं पाऊल भरलं, मग दुसरं. मी दारं धरून उभा राहिलो.