आडीत उतू गेलेलं दूध

सांगते, पण आधी एक अट. ऐकून झाल्यावर आमच्या यजमानांना फोन करून "वहिनींनी परत काय केलं?" असं विचारायचं नाही. ते त्या प्रकरणावर अजून हसतात, हसताना त्यांना ठसका लागतो, आणि पाणी मलाच आणून द्यावं लागतं.

तर तुम्हाला माहीतच आहे, मी इथे चेन्नईजवळच्या आवडी गावात घरं भाड्याने लावून देते. यजमान कारखान्यात, आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये. पुण्याहून, नागपूरहून बदली होऊन आलेल्या माणसाला चेन्नईत उतरल्या उतरल्या काय लागतं? एक घर, आणि तमिळ येणारं मराठी माणूस. माझं तमिळ तसं लंगडंच आहे, पण पळतं.

आता धंदा आहे म्हटल्यावर ऑफिस हवं. क्वार्टरवर पाटी लावायची सोय नाही. आणि खरं सांगायचं तर ऑफिस घेऊन करू काय? मला एका जागी बसवतच नाही. लग्नात मला पाटावर धरून ठेवायला दोन माणसं लागली होती, असं माझा भाऊ सांगतो. थापा मारतो. एकच लागलं होतं.

मग माझं ऑफिस कुठे? तर स्कूटरवर, फोनवर, आणि पर्समधल्या किल्ल्यांच्या जुडग्यात. ज्या रिकाम्या घराची किल्ली माझ्याकडे, तिथे त्या दिवसांपुरतं माझं ऑफिस. एक घडीचं टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक गणपतीची तसबीर. भाडेकरू मिळाला की बाडबिस्तरा पुढच्या रिकाम्या घरात. घरमालकांना विचारलं होतं का म्हणता? चहा घ्या, गार होतोय.

यात सगळ्यात सुगीचा काळ म्हणजे आडी. आपल्याकडे साधारण आषाढ-श्रावणात येतो तो तमिळ महिना. आडीत इथे कोणी लग्न करत नाही, घर बदलत नाही. नव्या घरात पाऊल टाकायचं तर 'पाल काच्चल' करतात, म्हणजे चुलीवर पहिलं दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. दूध उतू गेलं की घर तुमचं झालं, सामान मग सावकाश येऊ दे. आणि हे आडीत? नावच काढू नका. येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मीच हे बजावून सांगते, "आडी संपू दे, मग दूध उकळा, नाहीतर शेजारीपाजारी तोंडं वाकडी करतील." त्यामुळे महिनाभर घरं रिकामी, आणि मला ऑफिसं मुबलक.

अशा त्या आडीत माझ्या आयुष्यात सेतुराव सर आले.

सेतुराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. मराठी बोलतात, पण ते ऐकताना वाटतं की कुणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मधूनमधून तमिळमध्ये खोकतंय. त्यांनी नवीन इमारत बांधली होती, आठ फ्लॅटची. आठही फ्लॅट एकाच माणसाच्या हाती द्यायचे होते. आवडीतले सगळे दलाल त्यांच्या दारात चपला झिजवून आले होते. मला वाटलं, आपण मराठी, ते मराठी, काम झालं.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर्व बरें आहे. तुझें आफीस कोठें आहे, बाई?"

"आहे की सर," मी म्हटलं. तोंडातून आधी उत्तर गेलं, डोकं मागून आलं.

"मग गुरुवारीं पाहावयास येतों. राहुकालम संपला कीं येतों. आफीस पाहिल्याखेरीज मी किल्ली देणार नाहीं."

राहुकालम म्हणजे आपला राहुकाळ, दिवसातला अशुभ दीड तास, गुरुवारी तो भर दुपारी असतो. पण आठ फ्लॅट! माझ्या वर्षभराच्या धावपळीची कमाई एका झटक्यात होणार होती. रात्रभर मी कूस बदलत होते. यजमान म्हणाले, "अगं, सरळ सांग ना की ऑफिस नाही." पुरुषांना सगळं सरळच दिसतं.

त्या वेळी माझ्याकडे एका तळमजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली होती. मालक चंद्रन, राहायला कोईम्बतूरला, फोनवर सुद्धा फारसे यायचे नाहीत. म्हटलं, हेच ऑफिस. पण नुसतं टेबल-खुर्ची ठेवली तर हेडमास्तरांच्या नजरेला कळेल की काल मांडलंय. जुनं, नांदतं दिसायला हवं.

म्हणून गुरुवारी सकाळपासून मी कामाला लागले. फरशी पुसली. दाराला आंब्याची पानं बांधली. उंबऱ्यात छान रांगोळी काढली, तीसुद्धा इथल्यासारखी ठिपक्यांची. गणपतीच्या तसबिरीला जास्वंद वाहिली, समई लावली. दोन कॅलेंडरं टांगली. आणि मराठी माणूस घरी येणार म्हणजे चहा हवाच, म्हणून क्वार्टरमधून इंडक्शनची शेगडी आणि पातेलं आणलं. आतून आणि बाहेरून असं दहा वेळा फिरून बघितलं. बाई, काय ऑफिस दिसत होतं! मला स्वतःला तिथे नोकरी मागावीशी वाटली.

इतकं सगळं करताना माझ्या एकदाही मनात आलं नाही, की ऑफिस म्हणून मी जे मांडतेय ते काय दिसतंय.

वेळ होत आली. मी दूध तापत ठेवलं, आणि नेमका फोन आला. बंगळूरहून येणारं एक गिऱ्हाईक होतं. आता, फोनवर बोलताना मला उभं राहता येत नाही, चालावं लागतं. बोलत बोलत मी हॉलमधून दारात, दारातून जिन्याखाली, तिथून फाटकापर्यंत गेले. "हो हो, स्टेशनपासून जवळ… पाण्याचा त्रास अजिबात नाही…" फाटकाशी दोन फेऱ्या मारल्या. परत आले तर दारात वसंता अक्का उभी.

वसंता अक्का समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. इमारतीतलं पान तिला न विचारता हलत नाही. ती बोलते तमिळ, मी माझं तसलं तमिळ. तुम्हाला मराठीत सांगते.

ती रांगोळीकडे बघत होती. मग पानांकडे. मग समईकडे. मग तिने नाक वर करून वास घेतला.

"सुजाता, दूध उतू गेलं का?"

मी आत धावले. पातेल्यातून दूध ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर, आणि फरशीवरून ऐटीत पूर्वेकडे चाललेलं.

"अय्यो," अक्का माझ्या मागोमाग येऊन म्हणाली. "पाल काच्चल केलंस? आडीत? आणि तेही राहुकालमध्ये?"

मी घड्याळ बघितलं. राहुकालम संपायला थोडाच वेळ होता. तेवढ्यातच दूध गेलं होतं.

"नाही हो अक्का, मी चहा करत होते."

"चहा? कोणाच्या घरात?"

बघा, प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं. पण खरं सांगितलं तर ती तिथल्या तिथे चंद्रनना फोन करणार, की तुमच्या घरात दलालबाई दुकान मांडून बसलीय. आणि कोणत्याही क्षणी सेतुराव सर फाटकातून येणार. मी घाबरले. आणि मी घाबरले की काय होतं ते तुम्हाला माहितेय.

"माझ्याच, अक्का. मीच घेतलाय हा फ्लॅट."

अक्काचा चेहरा एकदम मऊ झाला. "असं होय. तुम्हा उत्तरेकडच्या लोकांना आडी कुठे कळते," ती म्हणाली. "आधी सांगायचं ना, मी मुहूर्त काढून दिला असता. थांब, काहीतरी करून निस्तरू या."

मी "नको नको" म्हणेपर्यंत ती जाऊन ताट घेऊन आली. हळद, मीठ, तूरडाळ, खडीसाखर. हे म्हणे दुधाच्या आधी घरात यायला हवं. जिन्यावरून जाणाऱ्या दोघी तिने बोलावून घेतल्या, त्या आपल्या ओळखीच्या आणखी दोघींना घेऊन आल्या. एक म्हणाली आडीत असं झालं की घरात भांडणं होतात. दुसरी म्हणाली भांडणं नाही, आजारपण. त्यांच्यात त्यावरून वाद लागला. मी फडकं घेऊन दूध पुसायला बसले तर सगळ्या एकदम ओरडल्या, ते आज पुसायचं नाही म्हणून.

आणि या गडबडीत अक्काने चंद्रनना फोन लावला. शुभवार्ता सांगायला. स्पीकरवर.

दारात चपलांचा आवाज आला. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, काखेत छत्री. सेतुराव सर रांगोळी चुकवून आत आले, आणि चहूकडे बघत राहिले.

चंद्रनचा आवाज घरभर घुमत होता. "सुजाता मॅडमनी घेतला? स्वतः? मला तर काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना किल्ली फक्त घर दाखवायला दिली होती. आणि आडीत दूध? आता हे घर दुसरं कोण घेणार? ठीक आहे, त्यांनीच घेतलंय म्हणजे प्रश्नच मिटला. करारनामा पाठवून द्या म्हणावं."

सेतुराव सरांना तमिळ माझ्यापेक्षा चांगलं येतं. अडचण तीच होती.

फोन बंद झाला. बायका ताट घेऊन भिंतीकडे सरकल्या. सर घडीच्या टेबलापाशी गेले, खुर्ची ओढली, बसले.

"चहा आहे?" त्यांनी विचारलं.

"दूध उतू गेलं, सर."

"तें दिसतें आहे," सर म्हणाले.

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी दुधाबरोबरच आत जावं. आठ फ्लॅट गेले. चंद्रनही गेले. उद्या अख्ख्या आवडीत माझं नाव जाणार होतं, आणि नाव गेलं की या धंद्यात काय उरतं? माझे पाय दाराकडे वळायला लागले होते.

"बाई, बस," सर म्हणाले. मी बसले. हेडमास्तरांचा आवाज होता तो, आपोआप बसले. "मी आफीस पाहतों म्हणून कां म्हटलें, ठाऊक आहे? ज्यांस आफीस नसतें, ते आमच्याच रिकाम्या घरांत आफीस मांडतात. मागील वेळेस माझ्याच घरांत एक दलाल तीन महिने झोंपत होता. मला तें शेजाऱ्यानें सांगितलें."

मी खाली बघितलं. दूध माझ्या चपलेपर्यंत आलं होतं.

"लटिकें बोललीस," ते म्हणाले. "पण आतां मालकाच्या कानावर तें गेलें. आतां तें खरें करून दाखव. हें घर घे. आडी संपेतोंवर रोज सकाळीं येथें बस. मी पाहावयास येईन. बसलीस, तर आवणीच्या पहिल्या दिवशीं आठही किल्ल्या देईन."

आवणी म्हणजे पुढचा महिना. तेवढे दिवस, रोज, एका खुर्चीत, मी! त्यांना माझी कुंडली कोणी दाखवली होती कोण जाणे.

दुसरा मार्गही नव्हता. आडीत, राहुकालमध्ये दूध उतू गेलेलं घर आता दुसऱ्या कोणी घेतलंच नसतं. वसंता अक्काने स्टेशनापर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. चंद्रनशी करार झाला. संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "झालं का काम?"

"एक फ्लॅट गेला भाड्याने," मी म्हटलं.

"आडीत? कोणी घेतला?"

"एक बाई आहे. तिला ऑफिस नव्हतं."

तेव्हापासून ते हसताहेत.

आणि मग मी बसले. कशी बसले ते माझं मला माहीत. गिऱ्हाईकांचे फोन यायचे, पाय टेबलाखाली चालत राहायचे. सर रोज यायचे, पेपर वाचायचे, मधूनच चष्म्यावरून बघायचे की मी आहे ना. एकदा मी नुसती खिडकीशी गेले तर म्हणाले, "कोठें?" अक्का दाराशी रोज कोलम काढून जायची, माझ्या रांगोळीवर तिचा विश्वास नव्हता. शेवटी आवणी लागली, अक्काने चांगला मुहूर्त बघून पुन्हा दूध उतू जाऊ दिलं, आणि सरांनी आठही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

मला वाटलं, आता सर सुटले, मी सुटले. पण झालं काय, सरांना त्या ऑफिसची सवय लागली. घरी त्यांच्या पेपरवर नातवंडं बसतात म्हणे, इथे शांतता असते. ते अजून रोज येतात. खुर्ची त्यांची, पंखा त्यांचा. येणारी गिऱ्हाइकं त्यांनाच मालक समजतात, आणि तेही "काय पाहिजे?" असं विचारून त्यांचा वर्ग घेतात. भाडं तेवढं मी भरते.

मग मी कुठे असते म्हणता?

सरांच्या इमारतीतले सात फ्लॅट गेले. वरच्या मजल्यावरचा एक अजून रिकामा आहे. वारा छान येतो तिथे. किल्ली माझ्याकडेच असते. चहा मात्र घरून थर्मासमध्ये भरून नेते.