सक्तीच्या बाजूने

मागच्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेतल्या डिबेट टीमला एक विषय मिळाला. लढाईची वेळ आली तर देशाने तरुणांना सक्तीने सैन्यात घ्यावं, की नागरिकांनी आपण होऊन उभ्या केलेल्या पलटणींवर, म्हणजे मिलिशियावर, भिस्त ठेवावी? कोणती बाजू मांडायची ते ऐनवेळी नाणं उडवून ठरतं, म्हणून तयारी दोन्हींची करावी लागते. पंधरा दिवस आमचं डायनिंग टेबल तिच्या कागदांखाली होतं. सकाळी ती सक्तीच्या बाजूने तावातावाने बोलायची, संध्याकाळी तितक्याच तावाने उलट. मी कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यातून बारा तासांची शिफ्ट करून यायची आणि ते ऐकताना माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. का, ते मला सांगता आलं नसतं.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक डॉक्टर काका राहतात. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या या चँडलर गावात आमच्यासारखी इंजिनिअर मंडळी यायच्या कितीतरी आधी, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी, ते मिरजेहून या देशात आले. आता रिटायर झालेत, एकटे असतात, रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. मुलीने त्यांना विषय सांगितला तेव्हा ते सहज म्हणाले की त्यांनाही ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची सैन्यभरती, लागला होता. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि काही महिन्यांत सैन्याची नोटीस आली. व्हिएतनामची लढाई चालू होती, डॉक्टर कमी पडत होते. दोन वर्षं त्यांनी टेक्सासमधल्या लष्करी इस्पितळात काढली. एवढं सांगून त्यांनी आमटी मागितली. मुलीने फोनवर भराभरा टिपून घेतलं.

स्पर्धेला तिनेच त्यांना आग्रहाने बोलावलं. तिच्या वाट्याला सक्तीची बाजू आली. ती छान बोलत होती. आणि शेवटी तिने काकांची गोष्ट काढली. एक परका तरुण डॉक्टर, सैन्यात सक्तीने गेला आणि त्या दोन वर्षांनीच तो खरा अमेरिकन झाला, असं ती इंग्रजीत म्हणाली. जज मान डोलावत लिहून घेत होते. काका माझ्या शेजारी बसले होते. हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण ते फिरवून उघडत होते, पुन्हा लावत होते.

ती जिंकली. घरी येताना मागच्या सीटवर ती मैत्रिणींना मेसेज करत होती, काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या दारात मी गाडी थांबवली तेव्हा उतरता उतरता त्यांनी मला हळूच विचारलं, "मी असं म्हणालो होतो का गं?"

मुलीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, आपण त्यांच्याकडे जाऊ. गेलो. तिने सॉरी म्हटलं, त्यांनी तिला बसवलं आणि चहा टाकला. मग सांगू लागले. त्यांच्याबरोबरचा एकजण नोटीस बघून भारतात परत गेला होता, दुसरा कॅनडात. काका गेले नाहीत, कारण घरी परतून वडिलांना काय सांगायचं हे त्यांना सुचेना. देशबिश काही डोक्यात नव्हतं. इस्पितळात त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं एकोणीस-वीस वर्षांची होती. त्यातल्या कितीतरी जणांना आपण कशासाठी गेलो होतो ते माहीत नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मग काका, तुम्ही मिलिशियाच्या बाजूने आहात?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सक्तीने आलेल्याला निदान घरी जायचं असतं बाळा. जो आपण होऊन बंदूक घेऊन येतो, त्याची मला जास्त भीती वाटते."

तिने या वेळी काही टिपलं नाही.

पुढच्या फेरीत तिला मिलिशियाची बाजू मिळाली. ती अडखळली, दोनदा मुद्दा विसरली आणि हरली. फ्रीवेवर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. तिने विचारलं, "आई, तुला बोलावलं तर तू जाशील?"

मी तिला सांगितलं, की मी नुकत्याच भरलेल्या अमेरिकन सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये हाच प्रश्न होता. कायद्याने गरज पडली तर देशासाठी शस्त्र हाती घ्याल का? दोन मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत मी तो फॉर्म भरला होता आणि "हो"वर टिक करून पुढे गेले होते.

"बट इज इट ट्रू?"

पुढची गाडी हलली, मी ब्रेकवरचा पाय काढला.

दीड महिन्याने फीनिक्सला माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी तोच प्रश्न वाचला. मी हो म्हणाले, पण आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी मान वर करून पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मी मोठ्याने म्हणाले. त्यांनी खूण केली आणि पान उलटलं. बाहेर मुलगी थांबली होती. पास झाले म्हटल्यावर तिने मिठी मारली. आत काय विचारलं ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.