बेगमचं नाक

आमच्या जानेफळात टुंगमामूंइतका अदबशीर माणूस नव्हता. मामू पिंजारी; रुई पिंजायच्या पिंजणाच्या तारेच्या 'टुंग टुंग' आवाजावरून हे नाव पडलेलं. मेहकरचे तहसीलदार गादी भरून घ्यायला आले तरी मामू त्यांना नुसतं 'तुम्ही' म्हणत. 'आप' ही पदवी फक्त बेगमला, म्हणजे त्यांच्या मांजरीला. "बेगम, आप जरा सरको ना, रुई पिंजू द्या," असं म्हणून ते चक्क हात जोडत. बेगम जांभई देई आणि गिऱ्हाईक ताटकळे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मामूंच्या दुकानावर मात्र बेगमचा अंमल होता.

मामूंना गर्व एकाच गोष्टीचा, आपण खोटं बोलत नाही याचा. गादीत जुनी रुई असली तर न विचारता सांगत, "ताई, जुनी हाय. मी काऊन लपवू? झूट पाठीले टोचते."

एका हिवाळ्यात बेगमचं नाक सुजलं. आधी शिंका, मग न भरणाऱ्या जखमा. चेहरा ओळखू येईना. कबुतराच्या पंखांचा वारा लागला की लकवासुद्धा बरा होतो, असं मामूंनी ऐकलेलं. सुजेची काय कथा! त्यांनी बेगमची गादी थेट परसातल्या कबुतरखान्यात मांडली. "दवा वरून येते," ते म्हणत. वरून काय येत होतं ते आम्हाला दिसतच होतं!

पुष्कळ वर्षांनी गुरांच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, मांजरांच्या नाकात शिरून आत पोखरत जाणारी एक बुरशी असते आणि ती कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत वाढते. मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

गावात बोभाटा झाला, मामूच्या मांजरीला महारोग झाला, त्याच्या गाद्या नकोत. लग्नसराई तोंडावर, आणि दुकान ओस. अशात पाटलीणबाई लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आल्या. मी भरायची उशी घेऊन तिथंच उभा होतो.

"मामू, थे सडक्या नाकाची मांजर तुमचीच ना?"

पिंजण थांबलं. "कोन्ती? माही नाही बाई. असन गावातली."

आवाज ओळखून बेगम परसातून आली. शिंकत, धडपडत, थेट मामूंच्या पायाशी येऊन बसली. मामूंनी पाय आखडून घेतला. त्यानंतर आम्हा तिघांनाही एकमेकांकडे बघवेना. गाद्यांचं काम मात्र मामूंना मिळालं.

गाद्या भरून व्हायच्या आतच बेगम गेली. मामूंनी तिला नव्या रुईत गुंडाळलं आणि हातांवर घेऊन भर बाजारातून निघाले. लोक बाजूला सरकत होते. मामू दुकानादुकानापुढे थांबून सांगत होते, "मांजर माही होती."

पाटलीणबाईंच्या ओट्यापाशी ते थांबले. "बाई, माहीच होती. गाद्या दुसऱ्याकडून भरून घ्या."

"मले तवाच समजलं होतं, मामू," पाटलीणबाई म्हणाल्या. "राहू द्या गाद्या तुमच्याकडंच."

मामूंनी हातांवरच्या बेगमकडे बघितलं.

"तुमाले समजलं हो, बाई," ते म्हणाले. "पन तिलेबी समजलं ना."