भिंतीपलीकडची स्तुती

त्या सकाळी माझे हात कणकेत होते. रोजच्यासारखा मी लाटण्यानं भिंतीवर ताल दिला, पलीकडून प्रभुदासभाऊजींचा आवाज आला, "उजाडलं रे देवा…" आणि तिथंच थांबला. मला वाटलं, खोकला आला असेल, नाहीतर एस्तेरताईंनी मध्येच औषधाची गोळी तोंडात घातली असेल. नवऱ्याचं गाणं संपेपर्यंत थांबायचा धीर त्यांना कधीच नव्हता. मी तवा तापत ठेवला आणि उरलेल्या अर्ध्या ओळीची वाट पाहत राहिले. ओळ काही आली नाही. थोड्या वेळानं भिंतीवर तळहाताची थाप पडली, मग आणखी एक. पलीकडून त्या भिंतीवर कधीच कुणी थाप दिली नव्हती. ते काम माझं होतं. मी गॅस बंद केला आणि कणकेच्या हातांनीच पळत गेले. एस्तेरताई पलंगापाशी उभ्या होत्या, एक हात नवऱ्याच्या कपाळावर, दुसरा अजून भिंतीला टेकलेला. "कुंदाताई, गेले व हे," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "ओळ अर्धीच राहिली त्याईची…"

प्रभुदास साळवे हे नाव या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक असायचं काही कारण नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, आमच्या भाषेत प्लांटच्या मिलमधून, निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे मराठी ख्रिस्ती. आम्ही गोंदियाकडचे. आमचे हे आणि भाऊजी एकाच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या एकाच विभागात, एकाच शिफ्टला, एकाच डब्यातलं खाणारे. निवृत्तीनंतर प्लांटचं सेक्टरातलं क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा दोघांनी मिळून स्मृति नगरात जोडघर घेतलं. मध्ये एकच भिंत. अलीकडं माझा स्वयंपाकाचा ओटा, पलीकडं त्यांची झोपायची खोली. भिंत किती पातळ आहे हे या दोन पोलादवाल्यांपैकी एकानंही घर घेताना पाहिलं नाही. मिलमध्ये बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, ती सवय भाऊजींनी घरी आणलेली. त्यात वय झालं तसे कानही मंद झालेले. नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून असा काही आवाज आला की शेजारी भांडण लागलं असं समजून मी यांना उठवलं. हे कुशीवर वळत म्हणाले, "काई नाई, प्रभुदास देवाचं नाव घेऊन राहिला. झोप तू."

गाणं म्हणावं तर ते धड गाणंही नव्हतं. एकच ओळ, त्यांनी स्वतःच जुळवलेली. चालही त्यांचीच, वर चढताना दम लागणारी आणि उतरताना घाई करणारी. ओळीचा पहिला भाग रोज बदलायचा, दुसरा कधीच नाही. "उजाडलं रे देवा, तुझी स्तुती असो." ही सकाळची. मग नळ आला की "नळ आला रे देवा, तुझी स्तुती असो." गेलेली वीज परत आली की "लाइन आली रे देवा…" स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली की तिच्या नावानं, कुरुदहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईनं कोवळी वांगी आणली की वांग्यांच्या नावानं. प्लांटमध्ये असताना गेटमधून बाहेर पडताना रोज म्हणायचे म्हणे, "गेलो तसा आलो रे देवा, तुझी स्तुती असो." आमचे हे सांगायचे की शिफ्टमधली निम्मी माणसं त्यांच्यासाठी गेटशी थांबत आणि तेवढं ऐकूनच सायकली काढत. थट्टा करत, पण थांबत.

मला मात्र शिकवायला सकाळची शाळा होती, डबा करायचा होता आणि देवाचं करायचं ते मनातल्या मनात करायची सवय होती. आठवडाभर सोसलं. मग एके सकाळी ओळ तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा हातातल्या लाटण्यानं मी भिंत बडवली. चांगली दणदणीत. गप्प बसा, हा त्याचा अर्थ कुणालाही कळला असता. भाऊजी संध्याकाळी फाटकातून हसतच आले. "वहिनी, काय ताल धरला तुमी! मले भिंतीतून हातात लागून राहिला होता. घरात ना पेटी, ना ढोलक… इतकी वर्षं कोरडाच गाऊन राहिलो होतो मी!" मागं एस्तेरताई पदर तोंडात धरून उभ्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. त्यांना खरं ते सकाळीच उमगलं होतं, आणि पोटात काही ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी नवऱ्याला सांगूनही टाकलं. मला वाटलं, झालं, आता माणूस दुखावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा चढ्या आवाजात ओळ आली, "बेलन वाजलं रे देवा, तुझी स्तुती असो!" मी हात टेकले. पोळी लाटता लाटता ताल धरला, तो धरलाच.

एकदा मी त्यांना चिडवलं, "भाऊजी, तुमच्या देवाले कमी ऐकू येते का? आमचे देव तर मनातलं बी ऐकतात." त्यावर त्यांनी हाताचा कानाला द्रोण केला, माझ्याकडून प्रश्न पुन्हा वदवून घेतला आणि म्हणाले, "देवाले बराबर ऐकू येते वहिनी. मलेच नाई येत. मी मलेच ऐकवून राहिलो, नाई तं दिवसभरात विसरून जाईन ना मी." या माणसाला मी तोवर भाबडा समजत होते. त्या दिवसापासून समजणं सोडलं.

भिलाईत उपासना बहुतेक हिंदीतच चालते. मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकी, ती रविवारी दुपारी जुनवानीतल्या एका घराच्या दिवाणखान्यात जमायची. नाताळात आम्हा दोघांना आमंत्रण असे. तिथंही भाऊजींचा आवाज सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांच्या मागून. पाळकबुवा म्हणायचे, "साळवे, थोडं आमचंही पोचू द्या वर." भाऊजी मान डोलवायचे आणि पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं की मात्र कुणाला रागावता यायचं नाही. भर जेवणाच्या पंगतीत आवडीचा पदार्थ वाढला जावा तसा तो चेहरा खुलायचा.

आमचे हे गेले तेव्हा सांत्वनाला घर भरलं होतं. देवाची इच्छा, असं म्हणणारेच जास्त. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की भाऊजींनी आज ती ओळ तोंडातून काढली तर त्यांना उंबऱ्याबाहेर काढायचं. ते आले, यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, आणि पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी भिंत गप्प होती. तिसऱ्या दिवशीही. तेरवी झाली, पाहुणे गेले, मी पुन्हा ओट्याशी उभी राहिले, आणि भिंत तशीच मुकी. तेव्हा मला कळलं की घरात दोन माणसं कमी झाली आहेत. एकाला आणणं माझ्या हातात नव्हतं. मी लाटणं उचललं आणि भिंतीवर मारलं. पलीकडं सामसूम. पुन्हा मारलं आणि ओरडले, "भाऊजी, कावून गप्प बसले? म्हणा ना!" मग अगदी हळू, त्यांना शोभणार नाही इतक्या हळू आवाजात ओळ आली, "वहिनी उठल्या रे देवा, तुझी स्तुती असो." मी तव्यापुढं उभी राहून पोटभर रडले, आणि किती दिवसांनी ताजी पोळी खाल्ली.

दोन वर्षांमागं भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा एस्तेरताईंचं नावसुद्धा त्यांना घेता येत नव्हतं. तोंड उघडायचे, "बा… बा…" एवढंच निघायचं, आणि मग डोळ्यांतून धारा. पाय गेला याचं त्यांना काही वाटलंसं दिसलं नाही. सकाळ झाली की मात्र बेचैन व्हायचे, डावा हात गादीवर आपटायचे. एस्तेरताई माझ्यापाशी ओट्याला टेकून म्हणाल्या, "पाय नसन तं चालते व ताई. हात नसन तं बी चालते. पन स्तुती नाई निघाली तं हा मानूस नाई जगत. मी ओळखते त्याले." जुनवानीची मंडळी येऊन पलंगाभोवती गाऊन गेली. भाऊजी ओठ हलवायचे आणि मान फिरवायचे. त्यांचं ते मान फिरवणं मला पाहवायचं नाही.

मी एस्तेरताईंना म्हटलं, पलंग आपल्या भिंतीला लावा. का, ते माझं मलाही धड सांगता आलं नसतं. त्या सकाळपासून मी रोज ताल धरू लागले, पोळ्या असोत नसोत. एकटीला पोळ्या लागतात किती! लाटणं भिंतीवर, थांबायचं, पुन्हा लाटणं. कितीतरी सकाळी पलीकडून काहीच आलं नाही. मग एकदा नुसता हुंकार आला, पण चालीतला, वर चढताना दम लागणारा. मी हात थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी हुंकार लांबला. आणि मग एके सकाळी, मी तव्यावरची पोळी उलटत असताना, भिंतीतून खणखणीत, शब्द न् शब्द स्वच्छ, "उजाडलं रे देवा, तुझी स्तुती असो!" पलीकडून एस्तेरताईंची किंकाळी, इकडून माझी. पोळी जळून कोळसा झाली. मी धावत गेले तेव्हा भाऊजी डाव्या हातानं गादी थोपटत होते आणि पुन्हा पुन्हा तेच गात होते, थांबायला तयारच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, बोलणं जातं पण गाणं राहतं. एस्तेरताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर सांगते ते बी खरं, आन् मी म्हणते ते बी खरं." त्यानंतर बोलता भाऊजींना शेवटपर्यंत आलं नाही, पण त्यांचं कशावाचून अडलंही नाही. जे हवं ते त्याच चालीत मागायचे. "चाय दे ना रे एस्तेर, तुझी स्तुती असो." एस्तेरताई मला सांगत आल्या, "लग्नाले इतकी वर्षं झाली ताई, माही स्तुती आता होऊन राहिली!" भाजीवालीशी घासाघीस त्याच चालीत, क्रिकेटमध्ये कुणी बाद झाला की हळहळ त्याच चालीत. रायपूरहून नातू आला की हिंदीतच बोलायचा, "आजोबा, मोबाइल का चार्जर कहाँ है?" या प्रश्नालाही गाऊनच उत्तर मिळायचं, आणि पोरगं चार्जर विसरून तीच ओळ म्हणत अंगणभर फिरायचं. आजारी माणसाचं घर इतकं हसतं मी दुसरीकडं पाहिलं नाही. आमच्या गल्लीत दुःखाचा पराभव झालेला मी रोज सकाळी कानांनी ऐकला आहे, आणि हे मी मुळीच वाढवून सांगत नाही.

कबरस्तानात पाळकबुवांची प्रार्थना झाली, माती द्यायची वेळ आली, तेव्हा एस्तेरताई पुढं झाल्या. "याईची ओळ अर्धी राहिली," त्या म्हणाल्या. "तुमी सगळे मिळून पुरी करा." आणि नवऱ्याच्या चालीत, सूर पार चुकवत, त्यांनी सुरुवात केली, "उजाडलं रे देवा…" मग जुनवानीची मंडळी, मग प्लांटमधले जुने सोबती, कुरुदची भाजीवाली, आणि ज्याच्या कामाची एवढी वर्षं स्तुती झाली तो आमच्या भागाचा लाइनमनसुद्धा, ज्याला जशी येईल तशी, "तुझी स्तुती असो!" सगळ्यांना ती पाठ होती! कुणी शिकवली नव्हती, नळाच्या आणि विजेच्या निमित्तानं प्रत्येकाच्या कानी गेली होती. दफनाला जमलेल्या माणसांचे चेहरे लग्नाच्या वरातीतल्यासारखे उजळलेले मी पाहिले. मी तेवढी गाऊ शकले नाही. मी कायम ताल देणारी. आणि लाटणं तर घरी होतं.

त्यानंतर महिनाभर मी भिंतीला हात लावला नाही. आमचे हे गेले तेव्हा भाऊजी गप्प राहिले होते, आता ती पाळी माझी, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ताल द्यावा आणि पलीकडून काहीच येऊ नये, हे आता सोसलं नसतं. लाटणं ओट्यावर पडून असायचं. पाववाल्याकडून पाव आणून मी दिवस ढकलत होते.

गेल्या आठवड्यात सकाळी चहा गाळत असताना भिंतीवर थाप पडली. तळहाताची, भाऊजी गेले त्या दिवशीसारखीच. माझ्या हातून गाळणी पडली. मी दाराकडं वळणार तेवढ्यात दुसरी थाप आली, तिसरी आली, आणि माझ्या ध्यानात आलं, थापा तालात होत्या. मागोमाग एस्तेरताईंचा बारीक, बेसूर आवाज. "उजाडलं रे देवा…" आणि त्या थांबल्या. दम लागून नव्हे. मुद्दाम थांबल्या होत्या, माझ्यासाठी.

मी लाटणं उचललं, भिंतीवर ठोका दिला, आणि उरलेली ओळ आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडानं म्हटली. तुझी स्तुती असो. चांगली मोठ्यानं म्हटली, माझी मला ऐकू यावी एवढ्या मोठ्यानं.