शाळेच्या नाटकातलं लग्न

तर चिमाबाई गाता गाता मधेच थांबली, इथवर काल आलो होतो. शैलजाबाईंचा हात तसाच वर राहिला. ढोलकीवाल्याच्या लक्षात यायला वेळ लागला, त्यानं एक थाप जास्तीची मारली, आणि मग शाळेच्या हॉलात असं सामसूम झालं की बाहेरच्या नळाची टपटप आत ऐकू यायला लागली.

काल जे अर्ध्यात जेवायला उठले त्यांच्यासाठी मागचं चार शब्दांत सांगतो. शैलजाबाई मूळच्या गुहागरकडच्या. बावीस वर्षांपूर्वी शिक्षिका म्हणून सिल्वासाला आल्या, टोकरखाड्यात दोन खोल्या घेतल्या आणि इथल्याच झाल्या. संमेलनात सहावी ते आठवीचं नाटक बसवावं तर त्यांनीच, असा शाळेत रिवाज पडला होता. पण गेल्या साली त्यांनी पाणी वाचवायचं नाटक निवडलं आणि पाहुण्यांना जी डुलकी लागली ती आभार मानून झाले तरी उतरली नाही. मुख्याध्यापक प्रसाद सर माणूस गोड. गोडच बोलून त्यांनी सांगितलं की यंदा लोक हसले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. आमलीत एक नाच शिकवणारा पोरगा आहे, तो सिनेमाची गाणी बसवून देतो. बाईंना ते फार लागलं. वर्षभर व्याकरण शिकवायचं ते या एका संध्याकाळच्या जोरावर, असं त्यांचं होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. इतिहासातलं नाटक काढलं तर सगळ्यांना राजा व्हायचं, शत्रूकडून उभं राहायला कुणी तयार नाही. प्राण्यांचं काढलं तर आठवीतल्या पोरांना शेपटीची लाज. शहरातल्या बिऱ्हाडांचं एक विनोदी नाटक बाईंनी स्वतः आवाज बदलून बदलून वाचून दाखवलं. संपल्यावर पप्पूनं, नंदुरबारकडून कारखान्यात कामाला आलेल्या एका कामगाराचा हा मुलगा, हात वर करून अदबीनं विचारलं, “बाई, यात हसायचं कुठं होतं?”

त्या दिवशी बाईंनी पुस्तकं कपाटात घातली आणि स्वतःच लिहायला बसल्या. या वर्गांत निम्मी पोरं राखोलीकडची वारली, निम्मी खानदेशी. म्हणून गोष्टही तशीच: खानदेशी वऱ्हाड रस्ता चुकतं, वारल्यांच्या मांडवात घुसतं, पोटभर जेवतं, नाचतं, आणि मग ध्यानात येतं की नवरे दोन आणि नवरी एकच. वाचताना पोरं बाकावरून पडायची बाकी राहिली. वारल्यांची गुड्डी नवरी ठरली, पप्पू चुकीचा नवरा.

आता बाईंची एक खोड होती. नाटकात जे असेल ते खरं पाहिजे. एकदा त्यांनी रंगमंचावर खरी शेळी आणली होती आणि तिनं पडदा खाल्ला होता. तेव्हा गाणंही खरंच हवं, म्हणून गुड्डीच्या हाती निरोप धाडून त्यांनी तिच्या पाड्यावरच्या चिमाबाईला बोलावलं. चिमाबाई धवलेरी. वारल्यांत लग्नाला भटजी लागत नाही. धवलेरीनं चौकासमोर, म्हणजे लग्नाच्या चित्रासमोर, बसून गाणं म्हटलं की लग्न लागतं. तालमीसाठी मुलांनी तांदळाच्या पिठानं झकास चौक काढलेला. निरोपात नाटकाचं सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून खरंच लग्न आहे असं समजून म्हातारी आली, बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. निम्मं गाणं झाल्यावर डोळे उघडले, तर समोर मुंडावळ्या बांधलेली बारा वर्षांची दोन पोरं, गुड्डी आणि पप्पू.

तिनं आरडाओरडा केला नाही. उठली, पदरानं चौक पुसला, आणि हळूच म्हणाली, “बाय, अजून थोडं गायले असते तर ही दोघं नवराबायको झाली असती. मग मी तरी कशी सोडवणार?”

बाईंना तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो होतो! बावीस वर्षं ज्या पोरांना शिकवलं, त्यांच्या घरातलं एवढंही आपल्याला ठाऊक नव्हतं, याचीच त्यांना लाज वाटली. पप्पू तर मुंडावळ्या ओरबाडून बापाच्या धाकानं रडायलाच लागला, “मना बाप माले घरमा लेवाव नही!” गुड्डीनं मात्र त्याच्याकडं असं पाहिलं की जणू नुकसान तिचंच होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्डीचा बाप काळू चिमाबाईला घेऊन शाळेत हजर. बाईंनी हात जोडले, नाटक रद्द करते म्हणाल्या. काळू म्हणाला, नाटकाचं राहू द्या, पण उचललेलं गाणं असं अर्धं ठेवणं बरं नाही, पाड्यावर कुजबूज चालू झालीय. ते कुणावर तरी पुरं झालं पाहिजे. बाईंनी भीत भीत विचारलं, अंगणातल्या दोन झाडांवर नाही का चालणार? म्हातारी पोट धरून हसली. हसता हसता काळूकडं वळली आणि म्हणाली, “झाडं कशाला? तुझं तरी कुठं लागलंय रं?”

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चार पोरांचा बाप, दर साली पालकसभेला बायकोसकट येणारा माणूस. काळू खाली बघून पुटपुटला की राहून गेलं. सोळा वर्षं संसार चाललाय, लग्न कधीतरी लावू म्हणता म्हणता पोरी मोठ्या झाल्या. आमच्यात असतं असं, कुणी नावं ठेवत नाही.

बाईंनी फळ्यावरचा खडू उचलला आणि नाटकाचा शेवटचा प्रवेश तिथल्या तिथं बदलला.

संमेलनाला मैदान भरलं. वऱ्हाड वाट चुकलं तिथपासून हशा जो सुरू झाला तो थांबेना. पाहुणे तर रुमालानं डोळे टिपत होते. दोन्ही खोटे नवरे भांडून पळाले, गुड्डी त्यांच्यामागं पळाली, मांडव रिकामा झाला. तेव्हा विंगेतून काळू आला, मागं डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको, दोघंही लाजून चूर. चिमाबाई चौकासमोर बसली आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून गायली. पुढच्या रांगा टाळ्या वाजवत होत्या, केवढा अभिनय म्हणून. मागं पाड्यावरचे लोक बसले होते, ते एकदम उभे राहिले, आणि बायका तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. टाळ्या आपोआप विरल्या. कुणाला काय ते कळेना, पण काहीतरी खरं घडतंय एवढं सगळ्यांना कळलं.

प्रसाद सर घामाघूम होऊन विंगेत आले. पाहुणे विचारतायत, हे नाटकच होतं ना, म्हणाले. शैलजाबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि सांगितलं, “लग्न लागलंय, सर. आधी त्या दोघांना आणि वऱ्हाडाला पोटभर जेवू घाला, मग मला काय विचारायचं ते लेखी विचारा.”